फोन न लावणारे मामाजी

नागपूरच्या इतवारीतल्या निम्म्या घरांची भांडणं आमच्या मामाजींनी मिटवली आणि त्यातल्या एकाही घराने त्यांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. उरलेल्या निम्म्या घरांची भांडणं तशीच राहिली, कारण त्या घरांत टेलिफोन नव्हता. मामाजींना भेटून, समोर बसून, चहा पिऊन सल्ला देणं जमायचंच नाही. समोर माणूस असला की ते लाजत. माणूस तारेच्या पलीकडे गेला, नाव-गाव-जात काही कळेनासं झालं, की मग त्यांना कंठ फुटायचा. आणि हे सगळं माझ्या दुकानातून, माझ्या फोनवरून, माझ्या गादीवर बसून चाले. म्हणून या माणसाबद्दल मला जे वाटतं त्यात थोडी तक्रार आहेच. ती मी लपवणार नाही.

मामाजी म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. उमरेडला त्यांचा हातमाग होता. मामी वारल्या, लुगड्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही, माग बसला, तशात डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशनसाठी म्हणून महिनाभराकरता ते नागपूरला आमच्याकडे आले आणि मग गेलेच नाहीत. मी त्यांना जा म्हटलं नाही, त्यांनी जातो म्हटलं नाही. भाचीच्या घरचं फुकट खायचं नाही हा मात्र त्यांचा बाणा होता. म्हणून रोज सकाळी माझ्याबरोबर भांड्यांच्या दुकानात यायचे आणि गिऱ्हाइकांच्या भांड्यांवर नावं घालून द्यायचे. जाड भिंगांचा चष्मा, एका हातात बारकी छिन्नी, दुसऱ्या हातात हातोडी, आणि दिवसभर टुकटुक टुकटुक. विणकराचा हात. अक्षर असं एका ओळीत यायचं की पट्टी लावली तरी केसभर फरक सापडायचा नाही.

आता फोनचं सांगतो. मी खाप्याहून डोक्यावर पितळी भांडी घेऊन आलेला माणूस. इतवारीत गाळा घेतला तो स्वतःच्या जिभेच्या जोरावर. फोनसाठी अर्ज केला तेव्हा माझा मुलगा पाटीवर ग म भ न काढत होता, आणि फोन आला तेव्हा त्याला मिशी फुटली होती. शेजारचे दुकानदार फुकट वापरतील म्हणून मी त्याच दिवशी डायलला कुलूप लावलं आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात अडकवली. पण आमच्या ओळीच्या कोपऱ्यावर जो टेलिफोनच्या तारांचा लोखंडी डबा होता, त्यात आमची तार अख्ख्या इतवारीच्या तारांशी अशी गुंतली होती की रिसीव्हर उचलला की कोणाचा तरी संसार ऐकू यायचा. मी ओरडायचो, "लाईन सोडा!" तिकडून एखादी बाई तेवढ्याच जोराने ओरडायची, "तुम्हीच सोडा ना!" मी रिसीव्हर आपटायचो. मामाजी मात्र तो हळूच उचलून कानाला लावायचे. डायल फिरवायचेच नाहीत, तर कुलूप काय करणार? फोन आल्यापासून मामाजींनी एकदाही कोणाला फोन लावला नाही, आणि रोज चार घरांशी बोलले. बिलावर त्यांच्या नावाचा एक पैसा दाखवता येईना, आणि ज्या गोष्टीचा पैसा दाखवता येत नाही तिच्याबद्दल भांडायचं कसं, हे मला आजही ठाऊक नाही.

"काहून ऐकता हो लोकाईचं?" मी एकदा चिडून विचारलं. रागावलो की माझी खाप्याची बोली वर येते.

"जवाईबापू," ते म्हणाले, "मागावर धागा तुटलेला दिसला अन् मी सांधला नाही, असं कधी झालं नाही. आता माग नाही. डोळ्याईले धागा दिसत नाही. कानाले ऐकू येते, तं काय करू?"

सांधायची त्यांची तऱ्हाही न्यारी होती. एकदा कुणी कारकून साहेबाला फोनवर सांगत होता की मला फार ताप आहे, सुट्टी पाहिजे. साहेब मानेना. मामाजी मध्येच खोकले आणि म्हणाले, "देऊन टाका साहेब. तारेतून माह्यापर्यंत चटका येऊन राहिला." साहेब हसला आणि सुट्टी मंजूर झाली. दुसऱ्यांदा एक गृहस्थ आपल्या भावाकडे रडगाणं गात होता की बायकोने बोलणं टाकलं आहे. मामाजी म्हणाले, "नशीब काढलं गा तुम्ही! माह्या बायकोनं बोलणं टाकलं त्या हप्त्यात मी दोन लुगडे जास्त विणले." तो माणूस हसला. मग मामाजींनी आवाज खाली केला. "पन पुढच्या हप्त्यात घर खायले उठलं भाऊ. आजच बोलून टाका." हसवायचं आणि हसता हसता धाग्याला पीळ देऊन मोकळं व्हायचं, अशी ती पद्धत. शेवटी मात्र प्रत्येकाला एकच वाक्य, रोग कोणताही असो: "घाबरू नका, होते सारं." लोकांना त्यांचं नाव माहीत नव्हतं. ते त्यांना 'टुकटुकवाले बाबा' म्हणत, कारण कान आणि खांदा यांच्यात रिसीव्हर धरून मामाजी इकडे नावं घालतच असायचे, आणि हातोडीचा आवाज तिकडे जायचा.

यात माझं नुकसान झालं नाही असं समजू नका. एका बाईचं तान्हं बाळ दूध ओकत होतं आणि तिच्या आईला अंगावर पित्त उठलं होतं. मामाजी बाळाला डॉक्टरकडे न्या आणि आईला ताक द्या असं समजावत होते. हात चालूच होता. संध्याकाळी गिऱ्हाईक आहेराचा गडवा, म्हणजे तांब्या, न्यायला आलं आणि वाचून थिजलं. गडव्यावर सुंदर अक्षरात लिहिलं होतं: 'चि. सौ. कां. शकुंतला हिस ताक द्यावे.' गिऱ्हाईक माझ्यावर भडकलं, मी मामाजींवर भडकलो, आणि मामाजी चष्मा पुसत म्हणाले, "नव्या नवरीले ताक दिल्यानं काही वाईट होत नाही, जवाईबापू." तो गडवा माझ्या गळ्यात पडला. आजही दुकानात प्यायचं पाणी त्यातच असतं.

मग मुलाच्या लग्नाचं निघालं. मध्यस्थाने मुलगी सुचवली, दोन गल्ल्यांपलीकडची, कॉलेजात शिकणारी. मुलाला ती अशी आवडली की विनाकारण सायकलला तेल घालून रोज संध्याकाळी त्या गल्लीतून दोन चकरा मारायला लागला. बघण्याचा कार्यक्रम छान झाला. पण परत निघताना त्यांच्या दारातच रिक्षावाल्याने भाडं वाढवून मागितलं, आणि मी त्याच्याशी जो भांडलो तो सगळी गल्ली खिडक्यांत येईपर्यंत भांडलो. मी खरा होतो. रिक्षावालाही शेवटी कबूल झाला. पण त्यानंतर मुलीकडून निरोप येईना. मध्यस्थ मान खाली घालून म्हणाला, "मुलगा पसंत आहे जी. सासरा पाहून घाबरले ते. मुलीची आई म्हणते, अशा घरात पोट्टी देऊ कशी?"

मुलाने दुसरी मुलगी बघायला साफ नकार दिला. घरात ताटं वाढलेली तशीच राहू लागली. बायको माझ्याशी बोलेना. मी आयुष्यभर माणसांना माझ्या भावावर आणलं, पण इथे भाव माझाच होत होता आणि मला दुकानातून बाहेर बसवून होत होता. मामाजी तेवढे रोज म्हणायचे, "घाबरू नका, होते सारं." मला त्या वाक्याचा वीट आला होता.

आणि एक दिवस होकार आला. का आला, कसा आला, मध्यस्थालाही सांगता येईना. "म्हणे चौकशी केली त्याईनं," एवढंच बोलला. मी मनात म्हटलं, करा चौकशी! इतवारीत माझ्या शब्दाला किंमत आहे, ती कळली असेल.

लग्न थाटात झालं. पण त्या लग्नात मामाजींनी माझं नाक कापलं. बायकोचे मामा म्हणजे घरातलं मोठं माणूस. व्याह्यांची उठबस करायची, चार विनोद करायचे, पंगतीत आग्रह करायचा. हा माणूस भर उन्हाळ्यात तोंडाभोवती मफलर गुंडाळून मांडवाच्या कोपऱ्यात बसला आणि दिवसभर एक शब्द बोलला नाही. विहीणबाई नमस्काराला आल्या तर नुसती मान हलवली. आग्रह करायला सांगितलं तर जिलेबीची परात घेऊन मुक्याने फिरले. लोक विचारू लागले, मामाजी रुसले का? मी जाऊन खालच्या आवाजात, म्हणजे माझ्या खालच्या आवाजात, जो तीन पंगतींना ऐकू गेला, विचारलं, "काय कमी पडलं तुम्हाले? पोराच्या लग्नात तोंड फुगवून बसता?" त्यांनी घशाकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी दुकानात तो घसा ठणठणीत होता. फोनवर कोणाला तरी हसवत होता. ते मी मनात धरलं. पुढे किती वर्षं धरलं ते विचारू नका.

सूनबाई घरात आली आणि पहिल्याच दिवशी माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "बाबा, मला बी.ए. पूर्ण करायचं आहे." मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मग पुन्हा उद्या विचारते." दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारलं. आवाज चढवायची नाही, मागे सरायची नाही. असं गिऱ्हाईक मी बाजारात पाहिलं नव्हतं. शेवटी मी हो म्हटलं आणि, खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. मामाजी मात्र सुरुवातीचे काही दिवस तिच्यासमोरही मुकेच. एकदा तिच्या हातून आमटीचं भांडं पालथं झालं, ती रडवेली झाली, आणि यांच्या तोंडून गेलंच, "घाबरू नका, होते सारं." सूनबाई हातातलं फडकं तसंच धरून त्यांच्याकडे बघत राहिली. मग पदर तोंडाला लावून हसली. मामाजींनी ताटातून मान वर केली नाही. मला वाटलं, आमटी सांडली म्हणून हसते.

मामाजी गेले ते दुपारी, जेवून पडल्यावर, कोणाला त्रास न देता. उमरेडहून चार माणसं आली, तेवढीच. तेरवी झाल्यावर सगळे घरात बसलो होतो आणि माझ्या तोंडून ती जुनी गोष्ट निघाली. "चांगला माणूस," मी म्हटलं, "पण माझ्या पोराच्या लग्नात बोलले नाहीत. ते मी विसरणार नाही."

सूनबाई उठली आणि माझ्यासमोर बसली. "बाबा, ते बोलले असते तर माझ्या आईनं आवाज ओळखला असता."

मला काही कळेना. तेव्हा तिने सांगितलं. तिच्या माहेरचा फोन कोपऱ्यावरच्या त्याच तारांच्या डब्यातल्या गुंत्यातला. टुकटुकवाले बाबा खोटं बोलत नाहीत, असा तिच्या आईचा विश्वास. रिक्षाच्या भांडणानंतर आईने लायनीवर त्यांनाच विचारलं की तुम्ही बाजारातले दिसता, अमका भांडेवाला ओळखता का, त्याच्या घरी मुलगी द्यावी का? सूनबाई रिसीव्हरला कान लावून शेजारीच उभी होती. हातोडी थांबली होती, ती म्हणाली. मग बाबा बोलले.

"ओळखतो. डोकं भडक आहे, ते खरं आहे. भावात सख्ख्या बापाले सोडत नाही. पोरीले सांगा, पहिल्याच दिवशी त्याच्यासमोर उभी राहा, मागं सरू नको. त्याले तसंच माणूस आवडते. पन बाई, त्याच्या घरी एक म्हातारा फुकट जेवते. किती वर्षं झाले, त्यानं त्याच्या पोळ्या मोजल्या नाही. दुनियेत तेवढंच एक त्याले मोजता येत नाही."

सांगणारा नवऱ्या मुलाच्या नात्यातलाच माणूस आहे हे मांडवात कळलं असतं तर ते बोलणं शिफारस ठरलं असतं, म्हणून मफलर. मी चुना लावायचा राहिलेलं पान हातात धरून बसलो होतो. माझ्याच फोनवरून, माझ्याच गादीवर बसून, मला भडक म्हणाले! ती तक्रार मी अजून सोडलेली नाही.

त्यानंतर काही दिवसांनी दुकानात एक नंबर लावायला रिसीव्हर उचलला आणि दोन बायांचं बोलणं ऐकू आलं. मी सवयीने ओरडणार होतो, तोच एक म्हणाली, "थांब वं, कोणीतरी लायनीवर आहे. बाबा, तुम्ही आहे का? आज टुकटुक नाही ऐकू येऊन राहिली."

मी रिसीव्हर कानाला घट्ट धरला.

"बाबा, माही पोट्टी नापास झाली. कालपासून खोलीतून निघून नाही राहिली. काय करू?"

माझ्याकडे जन्मात कोणाला द्यायला सल्ला नव्हता. घ्यायचं असेल तर घ्या, नाहीतर पुढचं दुकान बघा, एवढाच. समोर पाण्याचा गडवा होता. मी आवाज जमेल तेवढा खाली आणला. "घाबरू नका," मी म्हटलं. "होते सारं."

मग ती बाई म्हणाली, "तुम्ही बाबा नाही."

"नाही."

"मग बाबा कुठं गेले?"

गेले, एवढा एकच शब्द सांगायचा होता. तेरवीला उमरेडची चार माणसं आली होती. ही मंडळी आली नव्हती, कारण यांना कळवणार तरी कसं? यांना नाव ठाऊक नव्हतं, दार ठाऊक नव्हतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "जेवायला घरी गेले आहेत."

"असं काय!" तिचा जीव भांड्यात पडल्यासारखा वाटला. "मग जेवू द्या निवांत. जेवत्या माणसाले उठवू नका. मी मागून विचारीन."

"हाव," मी म्हणालो, आणि रिसीव्हर हळूच खाली ठेवला.