चढावरची फटफटी

हिंडलग्याहून बेळगावच्या शाळेत शिकवायला मी रोज चालत जाई. वाटेतल्या एका अंगणात कचेरीतला एक कारकून जुनी फटफटी खोलून बसलेला असे. पुन्हा उशीर झाला तर नोकरी जाईल, अशी तंबी त्याला साहेबानं दिली होती.

घासलेटात धुतलेले इंजिनचे भाग तो सुपात वाळवी. बायको आतून ओरडे, "सूप सोडा! जोंधळं काय तुमच्या टोपीत पाखडू?"

"इंजिनला झालंय काय?" मी एकदा विचारलं.

"लई पळतंय, आक्का. मला शर्यत मारायची न्हाय, कचेरीत पोचायचंय."

इंजिन मवाळ व्हावं म्हणून त्यानं सिलिंडरखाली जाड पत्रा बसवला. ते इतकं मवाळ झालं, की उतार लागल्याशिवाय सुरूच होईना. सकाळी शहराकडे जाताना तर सगळा चढच. मग तो तासभर आधी निघून फटफटी ढकलत नेऊ लागला.

"घरीच ठेवा की ती," मी म्हटलं.

"आन् संध्याकाळी काय चालत येऊ?"

नोकरी टिकली. "फटफटी आल्यापासून माणूस वेळेवर येतो," असं म्हणून साहेबानं बाकीच्या कारकुनांनाही फटफटी घ्यायला सांगितलं. ही बातमी त्यानं मला चढावर, धापा टाकत, मोठ्या अभिमानानं दिली. बोलण्यासाठी तो थांबला होता आणि फटफटी मागं घसरत होती.

मी पदर खोचला आणि मागून हात लावला. मलाही शाळेत वेळेवर पोचायचं होतं.