न्देशीबाईंनी फुकट दिलेलं पान

किलिमांजारोच्या उतारावर झाडांतलं न्देशीबाईंइतकं कुणाला कळत नाही, आणि हे त्या स्वतःच सांगतात. मार्चमध्ये, मोठ्या पावसाच्या तोंडावर, त्या घरची बाग उघडतात आणि कॉफीची रोपं, केळीचे मुनवे विकायला काढतात. पण पैसे आहेत म्हणून रोप मिळेलच असं नाही. आधी उलटतपासणी. "ऊन कुठून येतं? पाणी कोण घालणार? नवरा? मग राहू दे."

दोन वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा, आइकाएली, खाली मोशीच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला. ड्रायव्हर प्यायलेला होता. तेव्हापासून बाई तोंडदेखलं हसत, पण त्या ड्रायव्हरवरचा राग त्यांनी मनात रोज पाणी घालून जपला होता. पोराच्या मागे तेवढंच उरलं होतं.

यंदा गर्दीत एक अनोळखी, वाळकी बाई कुंपणातल्या इसालेच्या झाडापाशी घुटमळत होती.

"हे केवढ्याला?"

आसपासच्या बायका हसल्या. इसाले प्रत्येकाच्याच कुंपणात असतं.

"इसाले कुणी विकत घेतं का गं?" न्देशीबाईंना गंमत वाटली. "शहरातली दिसतेस."

"भाड्याची खोली आहे. कुंपण नाही."

"मग ने फुकट. कुणाशी भांडून आलीस? पान पुढे केलंस की त्याला माफी द्यावीच लागते, एवढं तरी ठाऊक आहे ना शहरात?" त्यांनी स्वतःच्या हाताने एक लांब पान तोडून दिलं.

त्या बाईने रिवाजाप्रमाणे पानाला गाठ मारली, गुडघे टेकले आणि तेच पान दोन्ही हातांनी न्देशीबाईंपुढे धरलं.

"मी म्कुंदे. तो ट्रक माझा मुलगा चालवत होता. गेल्या महिन्यात तुरुंगातच वारला. तुमची माफी माग म्हणाला होता."

न्देशीबाईंचा हात आधी मागे गेला. सगळ्या बायका बघत होत्या. या उतारावर इसाले आजवर कुणी नाकारलं नव्हतं.

"पान बरोबर घेऊन आली असतीस, तर फाटकातच अडवलं असतं तुला," त्या पुटपुटल्या. मग त्यांनी पान घेतलं. "ऊठ. माफ केलं."

म्कुंदे डोळे पुसत निघून गेली. लोक पुन्हा रोपं निवडू लागले. कुणीतरी मुनव्यांचा भाव विचारला, ते न्देशीबाईंना ऐकूच आलं नाही. दोन वर्षं सकाळी उठायला त्यांना तो राग पुरत होता. उद्या कशासाठी उठायचं, हे त्यांना कळेना.