कोरा टिळा

सुभेदार गाडी नंतर बघायचे, आधी गाडीवाल्याचं बोट बघायचे. तुम्ही चषक जिंकलेले शर्यतपटू असा नाहीतर कर्नलसाहेबांचे चिरंजीव, नियम एकच. मोटरसायकल शेडमध्ये घ्यायची, सीट काढायची, एअर फिल्टर काढायचा, आणि फिल्टरमधून कार्ब्युरेटरकडे हवा नेणाऱ्या रबरी नळीत तर्जनी घालून आतून फिरवायची. मग ते बोट सुभेदारांसमोर धरायचं. स्वच्छ निघालं तर चहा. माती निघाली तर ते आपलं मनगट पकडायचे आणि तेच बरबटलेलं बोट आपल्याच कपाळावर टेकवायचे. 'लढाईला निघालेल्या गड्याला टिळा लावतात. तू इंजिन मारायला निघालास, तुला पण पाहिजेच,' असं म्हणायचे. घरी पोचेपर्यंत तो टिळा पुसायचा नाही, हाही नियमच होता.

खरं तर ते सुभेदार नव्हतेच. सैन्याच्या वर्कशॉपमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि देवळाली कॅम्पात बाजाराच्या मागे पत्र्याची शेड टाकून बसले. 'बढती सरकारनं नाय दिली, गिऱ्हाइकांनी दिली,' असं मिशीतल्या मिशीत हसून सांगायचे. मूळचे सटाण्याकडचे. बोलणं आमच्यासारखंच, मधूनमधून फौजेतलं हिंदी. पण राग आला की थेट अहिराणीत शिरायचे. त्यांच्या तोंडून 'आहे'च्या जागी 'शे' ऐकू आलं की आम्ही पाने टाकून दोन पावलं मागे सरकायचो. पलीकडे रेंजवर तोफा सुरू झाल्या की पत्रे थरथरायचे. तेव्हा सुभेदार बोलणं थांबवायचे, काम थांबवायचे नाहीत.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती माझ्या तिसऱ्या पिस्टनपायी. मी तेव्हा सातपूरला एका कारखान्यात साचे बनवणारा डायमेकर होतो आणि रविवारी माळावरच्या शर्यती पळायचो. अंगात मस्ती, नाकावर राग. एका हंगामात दोनदा माझ्या टू-स्ट्रोकचा पिस्टन जाम झाला होता, तिसऱ्यांदा झाला तेव्हा मी गाडी टेम्पोत घालून सुभेदारांकडे नेली आणि शेडमध्ये शिरताच म्हणालो, "या गाडीत दमच नाही हो."

"बोट घाल," ते म्हणाले.

घातलं. तांबडंलाल निघालं. त्यांनी ते उजेडात धरलं, दोन बोटांत माती चोळली आणि म्हणाले, "पेठ तालुक्याकडं गेला होतास. मागल्या रविवारी. आणि त्याच्यानंतर फिल्टरला हात लावला नाय."

मी गार. घरी मी ओव्हरटाइम आहे म्हणून सांगून गेलो होतो! तोंड उघडायच्या आत टिळा बसला. संध्याकाळी आईने दारातच विचारलं, "वणीच्या देवीला जाऊन आलास होय रे? मग प्रसाद कुठाय?" आता काय सांगणार, कपाळ! दोन दिवस ती मला देवभक्त समजून गोड बोलत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फिल्टर धुवायला बसवलं. हा फिल्टर म्हणजे साधा स्पंज. रॉकेलमध्ये धुवायचा, मग साबणाच्या पाण्यात, सावलीत वाळवायचा, तेलात भिजवायचा, जास्तीचं तेल दाबून काढायचं, कडेला ग्रीस लावून बसवायचा. सोपं काम. मी तो रॉकेलमधून काढला आणि धुतलेल्या चड्डीसारखा पिळला. टर्रकन शिवण उसवली.

"काय करी राहिना रे तू?" सुभेदार ओरडले. मी दोन पावलं मागे. "फिल्टर पिळतोस, गाडीची मूठ पिळतोस, माणसांना पण पिळत असशील! दाबायचा असतो रे, दाबायचा. पिळायचा नसतो." त्या दिवसापासून माझं नाव पिळदार पडलं. पुढे मी अख्ख्या नाशिकात पिळदार म्हणून ओळखला गेलो आणि लोकांना वाटायचं, तब्येतीवरून पडलंय.

ते वेगाच्या विरुद्ध नव्हते, हे मात्र सांगितलं पाहिजे. उलट हळू चालवणाऱ्यांची त्यांना कीव यायची. "वेगानं इंजिन मरत नाय. धुळीनं मरतं, आळसानं मरतं. उसको दौडने दो, लेकिन गंदा मत खिलाओ." गाडी किती किलोमीटर झाली असं कुणी सांगायला लागलं की हात वर करून थांबवायचे. "तास सांग." फौजेत त्यांनी जनरेटर सांभाळले होते, जनरेटर एका जागी उभा राहून झिजतो, त्याला कसलं किलोमीटर? शर्यतीची गाडीही तशीच, एका तासात रस्त्यावरच्या गाडीच्या महिन्याएवढी झिजते. म्हणून प्रत्येक गाडीच्या टाकीखाली ते खडूने तास लिहून ठेवायचे, आणि इतके तास झाले की रिंगा बदल, इतके झाले की पिस्टन, मग गाडी कितीही गोड वाजत असो. "वाजायला लागल्यावर उघडलं तर ते मेंटेनन्स नाय, ते पोस्टमॉर्टेम," असं त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

थंड इंजिन पिळलं तर ते गाडीवाल्याशी आठवडाभर बोलायचे नाहीत. सिलिंडरवर तळहात ठेवायचा, हात ठेववेनासा झाला की मगच निघायचं. मावशी, म्हणजे त्यांच्या घरच्या, शेडच्या मागेच राहायच्या. त्यांच्या दोरीवर धुतलेल्या फिल्टरांची रांग असायची आणि साड्या बिचाऱ्या कडेला. मावशी म्हणायच्या, "तीस वर्षं झाली लग्नाला, मी जेवले का ते कधी विचारलं नाही. त्या स्पंजाला तेल पुरलं का ते मात्र दहादा विचारतात." सुभेदार ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. मात्र दर मंगळवारी मावशींसाठी बाजारातून ताजा गजरा यायचा, तो आम्ही डोळ्यांनी पाहिलाय.

मग आमची ती परदेशी गाडी आली. आम्ही चार मित्रांनी मिळून एक जुनी, मातीत पळायलाच बनवलेली सव्वाशे सीसीची गाडी मिळवली. हाताला लागताच उडी मारायची! पण एक भानगड होती. आपल्याकडच्या गाडीचं सिलिंडर घासलं तर लेथवर बोअर मारून मोठा पिस्टन घालता येतो. हिच्या सिलिंडरला आतून कडक मुलामा होता. तो खरवडला की सिलिंडर सरळ भंगारात, आणि दुसरं आणायचं तर साता समुद्रांपलीकडून. पिस्टनही गाडीत होता तेवढाच.

सुभेदारांनी इंजिन उघडून पाहिलं, नखाने सिलिंडर आतून चाचपलं आणि म्हणाले, "पिळदार, तीन शर्यती हाय ना या हंगामात? याच पिस्टनवर तिन्ही पळशील. माझी जबान." माझी जबान, असं ते कधी म्हणत नसत. सगळा कॅम्प त्यावर पैजा लावायला लागला. कुणी म्हणे पहिल्या शर्यतीतच राम म्हणेल.

दोन शर्यती पळालो. एकीत दुसरा, एकीत पहिला. दर फेरीनंतर बोट स्वच्छ, आणि खडूचा आकडा वाढत चाललेला. तिसरी शर्यत शहराबाहेरच्या मुरमाड माळावर होती, दोन फेऱ्यांची बेरीज धरून हंगामाचा विजेता ठरणार होता. आदल्या दिवशी मला दुसरी पाळी लागली, म्हणून फिल्टर सुभेदारांनी स्वतः बसवला. सकाळी मी सवयीने सीट काढायला गेलो, तर म्हणाले, "मी केलंय." झालं. सुभेदारांचं बोट कोण तपासणार? मी सीट तशीच ठेवली.

पहिली फेरी मी जिंकली, आणि कशी जिंकली! मागच्याला मी फक्त धुरळ्यात दिसत असेन. पण गाडी थांबवताना, मूठ सोडल्यावर, डब्यात हरभरे हलवल्यासारखा बारीक आवाज आला. मी कान दिला. पुन्हा आला. सीट काढली, फिल्टर काढला. स्पंजाची एक कड आत दुमडलेली होती, करंगळी जाईल एवढी फट. नळीत बोट घातलं. बोट मुरमाने भरून निघालं.

मी मूठ मिटली. समोर सुभेदार उभे.

"बोट दाखव."

"स्वच्छ आहे, सुभेदार."

"दाखव म्हणतो ना."

"अहो, स्वच्छ आहे! दुसऱ्या फेरीला वेळ होतोय." मी आयुष्यात त्यांच्यावर एवढ्या मोठ्याने ओरडलो नव्हतो. भोवती गर्दी जमली होती. या माणसाने वीस वर्षं सगळ्यांच्या कपाळाला माती फासली होती, आणि आज ती सगळी कपाळं तिथे उभी राहून बघत होती. माझी मूठ मी उघडणार नव्हतो, काही झालं तरी.

त्यांनी माझं मनगट धरलं. नेहमीसारखं पकडलं नाही, नुसतं धरलं. एकेक बोट सोडवलं. मातीने भरलेली तर्जनी त्यांनी डोळ्यांच्या अगदी जवळ नेली, इतकी जवळ की तेव्हा मला कळलं. त्यांना दिसतच नव्हतं. मोतीबिंदू. किती दिवस लपवलं होतं कुणास ठाऊक. मग त्यांनी मान खाली केली आणि माझं बोट स्वतःच्या कपाळावर टेकवलं.

गर्दीत कुणी हसलं नाही. मी हात ओढायला लागलो तर म्हणाले, "राहू दे. कायदा म्हणजे कायदा." आणि मग, अगदी हळू, "आता गाडी उभी कर. शर्यत पुढच्या वर्षी येईल. सिलिंडर येणार नाय."

खोटं का बोलू, माझ्या हातात हेल्मेट होतं आणि डोक्यात सैतान. एकच फेरी! दहा मिनिटं! पहिला तर मी होतोच. त्यांच्या कपाळाकडे बघितलं आणि मी पेट्रोलचा कॉक बंद केला. चषक दुसऱ्याने नेला, आणि मी रडलो, चांगला घळाघळा रडलो, माळावर, सगळ्यांसमोर. सुभेदार तो टिळा लावून बसमधून कॅम्पात आले. बाजारातून चालत गेले. घरी पोचेपर्यंत पुसला नाही.

इंजिन उघडलं तेव्हा रिंगा गेल्या होत्या, पिस्टनवर ओरखडे होते; सिलिंडरवर मात्र नखाला न लागणारे केसाएवढे दोन पट्टे. आणखी एक फेरी पळालो असतो तर संपलंच होतं. सुभेदारांनी माझ्या हातून ते धुऊन घेतलं, स्वतः एक नटही आवळला नाही. "माझी जबान गेली," एवढंच म्हणाले. मी म्हणालो, "तीन शर्यतींचं बोलला होता, तिसरीतली एक फेरी कमी पडली. एवढं काय?" त्यावर त्यांनी मला चहा दिला नाही.

वर्षभरात शेड बंद झाली. एका डोळ्याचं ऑपरेशन बरं झालं, दुसऱ्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले. मुलाने दोघांना सटाण्याकडे गावी नेलं. निघताना त्यांनी मला पानेबिने काही दिलं नाही. खडूचा एक तुकडा दिला.

बऱ्याच वर्षांनी, सातपूरला माझा स्वतःचा छोटा कारखाना निघाल्यावर, मावशींचा फोन आला की आता चांगल्या डोळ्यानेही दिसेनासं झालंय आणि ते सारखं त्या गाडीचं विचारतात. मी ती परदेशी गाडी पिकअपमध्ये घातली आणि गेलो. अंगणात उतरवली. सुभेदार बाजेवर बसले होते, निम्मे झालेले, मिशी मात्र तशीच. मी किक मारली. त्यांनी हात पुढे केला, मी तो सिलिंडरवर ठेवला. हात ठेववेनासा होईपर्यंत त्यांनी काढला नाही.

"सिलिंडर कोणतं?"

"तेच."

"तास?"

"एकशे चाळीस. तुमचा खडू पुसलेला नाही."

त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "बोट घाल."

मी गाडी बंद केली, सीट काढली, फिल्टर काढला, नळीत तर्जनी फिरवली आणि त्यांच्या हातात दिली. डोळ्यांचा उपयोग नव्हता, म्हणून त्यांनी ती आपल्या अंगठ्याने चोळली. शेंड्यापासून पेरापर्यंत, नखाच्या कडेनेसुद्धा. परीक्षेच्या निकालाला मी एवढा घाबरलो नव्हतो.

"चांगलं शे," ते म्हणाले. रागावल्याशिवाय बोललेली त्यांची अहिराणी मी पहिल्यांदाच ऐकली. आणि मग मनगट धरून त्यांनी ते स्वच्छ बोट माझ्या कपाळावर टेकवलं.

"अहो सुभेदार, माती नाहीये," मी म्हणालो.

"म्हाईत हाय."

परतताना पिकअप चालवली ती डोळे पुसत पुसत. घरी आल्यावर आरशात पाहिलं, कपाळावर काहीही नव्हतं. तरी त्या रात्री मी तोंड धुतलं नाही.