घोळीचा आवाज आणि बाबांचं वल्हं

मंडळी, दुपारपासून कशातच लक्ष लागत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

सकाळी चिंचणीच्या किनाऱ्यावर एक संशोधक मुलगी भेटली. समुद्रात माईक सोडून ती माशांचे आवाज रेकॉर्ड करते. अंडी घालायच्या दिवसांत घोळ मासे एकत्र जमून पोटातून आवाज काढतात, असं ती मला समजावत होती. मला हसूच आलं. आमचे बाबा वल्हं पाण्यात धरून दांड्याला कान लावायचे, घोळ ऐकू आली की मगच जाळं टाकायचे. तेवढा वेळ मी होडीत श्वास रोखून बसायची.

तिचं रेकॉर्डिंग मी मोबाईलवर घेतलं. ते बरंच बाहेरच्या, खोल समुद्रातलं होतं. किनाऱ्याजवळ तिला काहीच ऐकू आलं नाही म्हणे.

घरी येऊन बाबांना ऐकवलं. पुढे इंजिनाच्या बोटीवर वर्षं काढून त्यांचे कान गेलेत. आवाज पूर्ण वाढवला, तरी ते नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

मग उठून पडवीतलं जुनं वल्हं घेऊन आले. मोबाईल पात्यावर दाबून धरायला सांगितला आणि दांड्याला कानामागचं हाड टेकवून डोळे मिटले.

मी पुन्हा श्वास रोखला.

"घोळच आहे, बाय," ते हळूच म्हणाले.

रेकॉर्डिंग संपलं, तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"लांब गेली. होडी जरा पुढे घे."

सांगा, कुठे नेऊ मी त्यांना?