वारंग्याला बसू

“बसू की, बाई. वारंग्याला बसू.”

आमच्या दारात उभे राहून मास्तर हे म्हणायचे तेव्हा त्यांचा एक हात चौकटीच्या वरच्या लाकडाला असायचा, बसमधला दांडा धरावा तसा. दुसऱ्या हातात चहाचा कप. बशी धरायला तिसरा हात नसल्यामुळे ती माझ्याकडे. पाहुणा कप घेऊन उभा आणि घरची बाई बशी घेऊन उभी, असा आमचा चहा कित्येक वर्षं चालला.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. शाळेतली मी. ते एस.टी.चे कंडक्टर, वसमत डेपोचे. आपल्याकडे कंडक्टरला मास्तरच म्हणतात हे तुम्हाला सांगायला नको. पण शेजारी शेजारी राहिल्यामुळे गल्लीत घोळ व्हायचा. पोराचे मार्क विचारायला आलेला बाप त्यांच्या दारात जायचा आणि कळमनुरीची गाडी किती वाजता, हे विचारायला लोक माझी कडी वाजवायचे. दोघांनाही दोन्ही उत्तरं पाठ झाली होती.

त्यांची गाडी वसमतहून कळमनुरीकडे जायची. सुटताना गाडीत पाय ठेवायला जागा नसायची, तरी मास्तर ओरडायचे, “पुढं सरका, पुढं सगळं मोकळं हाय!” हे धादांत खोटं असायचं, पण लोक सरकायचे. वारंगा फाट्यावर नांदेडच्या आणि हिंगोलीच्या गाड्या धरायला निम्मी गाडी उतरायची, आणि तेव्हा कुठे मास्तर आपल्या जागेवर बसायचे. म्हणून कोणीही कुठेही बसा म्हटलं की उत्तर ठरलेलं. वारंग्याला बसू. लग्नाच्या पंगतीतही ते उभ्या उभ्या वाढत राहायचे.

त्यांच्या घरात बसायचं काम बायको करायची. ऐसपैस बाई, खळखळून हसणारी. संध्याकाळी ओट्यावर पाय पसरून बसली की येणाऱ्या जाणाऱ्याला थांबवल्याशिवाय सोडायची नाही. एकुलती एक लेक लग्न होऊन इंग्लंडला गेली, तेव्हा आईने ओट्यावरूनच आवाज दिला होता, “पहिलं बाळंतपण माझ्या हातानं! तिला येता न्हाई आलं तर आमी जाऊ तिकडं.” मग दोघांनी पासपोर्टचे अर्ज केले. फोटोसाठी मास्तर पहिल्यांदा माझ्या देखत खुर्चीवर बसले, तेही फोटोग्राफरने खांदे दाबून बसवलं म्हणून.

आणि मग ते वर्ष आलं. संक्रांतीच्या सुमारास मास्तरांच्या बायकोचं पोट दुखायला लागलं. भीमजयंतीची मिरवणूक गल्लीतून गेली तेव्हा त्या नांदेडच्या दवाखान्यात होत्या. वैशाखात गेल्या. मृगात पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला आणि त्याने दोघांनाही समोर बोलावलं. मास्तरांनी त्याला पाणी दिलं आणि म्हणाले, “त्या पुढं सरकल्या, साहेब.” पोलिसाला काही कळलं नाही. मला कळलं, आणि मी आत जाऊन भांडी आदळत बसले. श्रावणात लेकीचा फोन आला. फोन आमच्याच घरी होता. तिला दिवस गेले होते.

आधीही मास्तर बसत नसत, पण आता त्यांचं उभं राहणं वेगळंच झालं. जेवायचे उभ्याने, ओट्यापाशी. बुद्धविहारात पावसाळ्यातलं वर्षावासाचं वाचन चालू असायचं, सगळे सतरंजीवर आणि मास्तर खांबाला टेकून. सुट्टीच्या दिवशीसुद्धा डेपोत जाऊन कुठल्याही गाडीत चढायचे, वारंग्यापर्यंत उभे जायचे आणि उभेच परत यायचे. दुसरा कंडक्टर म्हणायचा, मास्तर, जागा आहे. ते मान हलवायचे.

एकदा मला राग आला. मी म्हटलं, “अहो, माझ्या दाराची चौकट निखळेल. काहून असं करून राहिलात?”

त्यांनी कप माझ्या हातातल्या बशीत ठेवला. “दवाखान्यात मी तिच्या खाटंपाशी उभाच असायचो, बाई. ती म्हणली, बसा की घडीभर, पाय दुखले असतील. भायेर बाकडं होतं, तिथं बसलो. डोळा लागला. उठून आत गेलो तर…” पुढचं त्यांनी हातानेच सांगितलं. “मी बसलो म्हून ती गेली, असं न्हाई. तेवढं कळतं मला. पण गुडघे ऐकत न्हाईत.”

मी त्या दिवशी बशीतला सांडलेला चहा पिऊन टाकला, एवढंच आठवतं.

दिवाळी झाल्यावर मास्तरांनी फोनवर लेकीला सांगून टाकलं, “मी येतो बाळंतपणाला.” पलीकडून ती काय म्हणाली हे मला दारापर्यंत ऐकू आलं. “बाबा, तुम्ही येऊन काय करणार?” तिची सासू अंथरुणाला खिळलेली, नवऱ्याला सुट्टी जेमतेम. तरीही हा प्रश्न तिने विचारला, कारण तिने बापाला कधी पाण्याचा तांब्या भरतानाही पाहिलं नव्हतं.

“तुझी आई करणार होती ते सगळं,” मास्तर म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

झालं. गल्लीला काम मिळालं. डिंकाचे लाडू वळायला त्यांना मी शिकवलं. पहिले लाडू लहान पोरांनी भिंतीवर मारून पाहिले, भिंतीचा पोपडा उडाला. अळिवाची खीर, बाळंतशेपा, ओव्याची धुरी, सगळं ते विचारत फिरायचे. मधूनच विमानाबद्दल विचारायचे. “मधी कुठंच थांबत न्हाई? मग ड्रायव्हर चहा कुठं घेतो?” आणि लगेच पुन्हा, “बाई, वेखंड किती उगाळायचं?”

अडलं ते आत्याबाईंपाशी. आत्याबाई म्हणजे गल्लीतल्या निम्म्या लेकरांना आपल्या पायांवर न्हाऊ घातलेली म्हातारी. तिने मास्तरांपुढे पाट टाकला. “बैस. पाय लांब कर. लेकरू पायांवर पालथं घ्यायचं.” लेकराच्या जागी तेल लावलेला मोठा दुधी भोपळा होता.

“उभ्यानं न्हाई का जमत?”

“उभ्यानं भांडी घासतेत. लेकरू न्हाऊ घालायला बसावं लागतं, बाबा.”

मास्तर बसले. आम्ही सगळ्या बायका बघत होतो, काही हसतही होत्या. त्यांनी भोपळ्याला दोनदा हात लावला असेल नसेल, कपाळावर घाम आला. तिसऱ्यांदा हात लावता लावता ते ताडकन उठले. भोपळा घरंगळला आणि फरशीवर फुटला.

“फोडलंस की रे लेकरू!” आत्याबाई सवयीने बोलून गेली.

कोणी हसलं नाही. मास्तर चपला न घालताच घरी गेले. दोन-तीन दिवस आमच्या दारात आले नाहीत. आले तेव्हा हात चौकटीला लागण्याआधीच म्हणाले, “बाई, जाऊ नको का मग?”

मी शिक्षिका. पोरांना धीर द्यायची मला सवय. पण त्या दिवशी माझ्याही मनात तेच आलं. तिकडे लेकरू हातातून सुटलं तर? मी म्हटलं, “तिकीट काढलंय ना? मग चढा गाडीत. पुढं मोकळं असेल.”

आपलं खोटं आपल्यालाच कोणी परत द्यावं तसा त्यांचा चेहरा झाला. मग हसले. बायको गेल्यापासूनचं ते पहिलं हसू होतं.

विमानात किती वजन चालतं ते जावयाने सांगितलं होतं. घरी वजनकाटा कोणाकडे असतो? मास्तरांनी बॅग मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात नेली, हळदीच्या काट्यावर ठेवली. मापाड्याने बघून सांगितलं, मास्तर, बिनधास्त जा, अजून जागा आहे. म्हणून मग सगळ्यांनीच भर घातली. मी हळद दिली, कोणी कुरडया दिल्या, आत्याबाईने स्वतःची सहाण दिली, बाळगुटी उगाळायची, मधोमध खड्डा पडलेली. पुन्हा काट्यावर नेली, पुन्हा मापाडी म्हणाला, बराबर हाय.

मास्तरांना मुंबईला पोचवायला त्यांचा भाऊ गेला होता. तो परत आला तो हातात गाठोडं घेऊन. गाठोड्यात मास्तरांचे दोन स्वेटर, मफलर, नवे शिवलेले दोन पँट-शर्ट आणि बूट. आम्ही त्याला दारातच गाठलं. विमानतळावर बॅगेचं वजन भलतंच जास्त भरलं होतं. मोंढ्यात हळदीचं वजन सांगताना पोत्याचं वजन आणि ओलाव्याची घट वजा करूनच सांगायची रीत. मापाड्याने तोंडातल्या तोंडात तीच वजाबाकी करून टाकली होती, दोन्ही वेळा. बॅग काय ओली होती?

“त्याला म्हणलं, सहाण काढ, दगड हाय तो,” भाऊ सांगत होता. “तर म्हणतो, दगड ऱ्हाऊ दे, सदरे काढ. तिकडं मी काय मिरवायला चाललो का?” मास्तर पौष महिन्यात एका खाकी स्वेटरवर इंग्लंडला गेले.

मग बरेच दिवस काही कळलं नाही. लेक बाळंत झाली, मुलगी झाली, एवढा निरोप आला. मी भलतीच अस्वस्थ होते. शाळेतून आलं की आधी फोनकडे बघायचे. फोन वाजला की आत्याबाई काठी टेकत आमच्या दारात यायची, आणि ते कोणीतरी कळमनुरीची गाडी विचारणारं निघायचं.

एका रविवारी मास्तरांचा फोन आला. आवाज दूरचा होता, मधे पाणी सांडल्याचा आवाज येत होता.

“मास्तर! कसे आहात? थंडी आहे का? लेक कशी आहे?”

“सगळं बराबर. जरा थांबा बाई, लेकीनं लावलेला फोन खांद्यात धरलाय. दोनी हात तेलाचे हायेत.”

“मग नंतर करा की. आधी उठून हात धुऊन घ्या.”

“मला उठता येत न्हाई, बाई. नात पायावर हाय.”

माझ्याशेजारी आत्याबाई उभी होती. मी मास्तरांना म्हटलं, हे आत्याबाईलाच सांगा, आणि फोन तिच्या कानाला लावला. पलीकडे लेकरू टाहो फोडून रडत होतं, आणि त्याच्या वरताण मास्तर ओरडत होते,

“आत्याबाई, वारंगा आला!”