चाळीस मीटरचा जोड

टोचणीताई हे नाव तिला कामगारांनी ठेवलं होतं. सपाट गच्चीवर शीट अंथरून झाली, जोड मारून झाले, की ती बोथट टोकाचा लोखंडी आकडा घेऊन उकिडवी बसायची आणि प्रत्येक जोडाच्या कडेने तो टोचत टोचत पुढे सरकायची. एखादा जोड बोटभर जरी सैल निघाला, तरी ती ओरडायची नाही. नुसती भुवई वर करायची. गच्चीवरचे दांडगे गडी त्या भुवईला वचकून असत. पाठीमागे टोचणी आणि तोंडावर ताई, असं सुरुवातीला चालायचं. पुढे दोन्ही एक झालं आणि तिनेही ते हसून घेतलं.

तिचे वडील डांबराच्या गच्च्या करायचे. कोपरापर्यंत दोन्ही हातांवर चट्टे, कपड्यांना कायमचा काळा वास. लहानपणी तिला गच्चीवर जायची मनाई होती. "उकळत्या डांबराजवळ पोरीबाळींचं काय काम?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग एकोणिसाव्या वर्षी ती ताडपत्रीच्या कारखान्यात लागली. ट्रकांची आच्छादनं गरम हवेने जोडायचं काम. अकरा वर्षं तिने ते केलं. प्लास्टिकचं कापड तापून त्याला घाम फुटल्यासारखी चकाकी येते, तेवढ्या एका क्षणात ते दाबायचं. आधी दाबलं तर कच्चं, नंतर दाबलं तर करपलेलं. हे तिच्या हातात इतकं मुरलं होतं की ती गप्पा मारता मारता जोड मारायची.

वडिलांची कंबर धरली आणि धंदा धाकट्या भावाकडे आला. त्याच सुमाराला गच्चीसाठी नवी शीट आली. गालिच्यासारखी गुंडाळी उलगडायची, एकच थर, कडेला कड गरम हवेने जोडायची, बास. भावाने मशीन आणलं आणि पहिल्याच आठवड्यात दोन गुंडाळ्या जाळल्या. एक तुकडा तो घरी घेऊन आला आणि ताईपुढे टाकला. तिने उलटसुलट करून पाहिला.

"अरे, तू हे भाजतोयस. हे जोडायचं असतं."

"मग तूच ये ना दाखवायला!"

ती गेली ती वीस वर्षं झाली तरी खाली उतरली नाही. वडील मात्र कुरकुरत राहिले. "एवढं पातळ कातडं गच्चीवर? छत्री आहे का ती?"

अशा या घराला एके दिवशी हॉस्पिटलचं बोलावणं आलं. वरच्या मजल्यावर दोन ऑपरेशनच्या खोल्या होत्या. त्यातल्या एकीचं छत गळत होतं, म्हणून ती तीन महिने कुलूपबंद होती. चार वेगवेगळ्या लोकांनी चार वेळा वर काळं काहीतरी फासलं होतं. हॉस्पिटलची गच्ची, आणि मलमपट्टीवर मलमपट्टी! गंमत म्हणजे मूळ गच्ची वडिलांनीच केलेली होती, तीस वर्षांपूर्वी.

हॉस्पिटलच्या इंजिनियरसाहेबांनी सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं. "शेजारच्या गोदामावर काळी रबराची शीट चिकटवलीय. दहा वर्षं झाली, थेंब नाही. तीच आमच्याकडे चिकटवून द्या, जुन्यावरच."

भाऊ मान डोलावणार, तेवढ्यात ताई म्हणाली, "आधी पाणी कुठे मुरतंय ते बघू या का?"

तिने सगळी गच्ची पायाखाली घातली. चालताना कुठे पाय किंचित दबतो, तिथे खडूने गोल केले. मग दोन गोलांत चाकूने चौकोन कापून आतला, उष्णता अडवणारा फोमचा थर बाहेर काढला आणि साहेबांसमोर पिळला. धार लागली.

"हे असंच ठेवून वर नवं घातलं, तर ओल्या अंगावर कोट घातल्यासारखं होईल," ती म्हणाली. "ओलं तेवढं काढायचं, कोरडं तेवढं ठेवायचं."

"बरं. पण मग शीट रबराचीच ना?"

ती त्यांना स्वयंपाकघराच्या धुराड्यापाशी घेऊन गेली. पंख्याच्या तोंडाभोवती दोन हात जागा तेलकट, चिकट झाली होती. तिने बोट फिरवून दाखवलं. "गोदामावर कुणी तळण करत नाही, साहेब. हे तेल रबराच्या अंगाला लागलं की ते फुगतं. इथे पांढरी विनाइलची शीट लागेल, तिला तेलाचं वावडं नाही. फक्त तिचं आणि डांबराचं पटत नाही, म्हणून मध्ये अस्तर घालायचं."

"आणि चिकटवणार कशाने?"

"चिकटवायचंच नाही." तिने वारा आत ओढणाऱ्या जाळीकडे बोट दाखवलं. "गोंदाचा वास इथून सरळ रुग्णांच्या खोलीत जाईल. वर खडीचा भार टाकावा तर एवढं वजन स्लॅब पेलणार नाही, हे तुमच्याच नकाशात लिहिलंय. स्क्रूने बांधायची. मधे विरळ, कडेला आणि कोपऱ्यांत दाट. वारा गच्ची उचलायला नेहमी कोपऱ्यातूनच हात घालतो."

साहेबांनी बुटाने स्लॅब ठोकून पाहिला आणि म्हणाले, "स्क्रूसाठी काँक्रीटला भोकं पाडावी लागतील. खाली माणसं झोपलीयत."

ही गोष्ट मात्र खरी होती. ती घेऊन टोचणीताई मोठ्या सिस्टरकडे गेली. या सिस्टर म्हणजे वरच्या मजल्याच्या सर्वेसर्वा, बोलणं तुटक आणि पायाला भिंगरी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एक कोरा कागद पुढे ओढला.

"एका वेळी एक वॉर्ड. माझी माणसं खाटा हलवतील. अकरा ते दोन तुमचं ड्रिल. दोन वाजले की ड्रिल बंद. जमेल?"

"जमेल."

"एक मिनिट वर गेलं तर मी स्वतः वर येईन."

"या की. चहा पाजते," ताई म्हणाली, आणि दोघींचं जमलं.

काम ठरल्याप्रमाणे चालू लागलं. ओला थर निघाला, नवा बसला, अस्तर पसरलं. पांढऱ्या शीटच्या पट्ट्या एकामागून एक उलगडत गेल्या. पहिल्या पट्टीच्या कडेला स्क्रू, त्यांच्या डोक्यांवरून दुसरीची कड आणि मग गरम हवेचं मशीन रांगणाऱ्या मुलाच्या गतीने जोडावरून पुढे. ताईचा नियम होता: सकाळी आणि जेवणानंतर, कामाला हात लावण्याआधी प्रत्येकाने एक तुकडा जोडायचा, थंड करायचा आणि ओढून फाडायचा. जोड पक्का असेल तर जोड सुटत नाही, शीटच फाटते आणि तिच्या आतली धाग्यांची जाळी दिसते. जाळी दिसली की कामाला लागा.

नवव्या दिवशी दुपारी ऑपरेशनच्या खोलीवरचा चाळीस मीटरचा जोड तिने स्वतः मारला. रेघ अशी सरळ की साहेब बघतच राहिले. संध्याकाळी त्यांनी तपासणीच्या कागदावर सही करून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सवयीप्रमाणे आकडा घेऊन बसली. तीन पावलं गेली असतील नसतील, आकडा आत गेला.

तिने तो काढला, थोडं पुढे टोचला. पुन्हा आत. बोटाने कड उचलली, तर पाकीट उघडावं तशी ती उघडली. फाटली नाही, ताणली नाही, नुसती सुटली. ती तिथेच बसून राहिली. काल जेवणानंतर तुकडा जोडून बघितला होता का? नव्हता. सकाळी तर बघितलाय, आणि मशीन माझ्याच हातात आहे, असं म्हणून ती सरळ कामाला लागली होती.

भाऊ शेजारी येऊन बसला. त्याने मागेपुढे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ताई, सही झालीय. सोमवारी खोली उघडायचा शब्द दिलाय मी. जिथे सुटलंय तिथे तेवढं दाबून घेऊ. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"पाण्याला झाकली मूठ बरोबर उघडता येते," ती म्हणाली. "खाली कुणाचंतरी पोट उघडलेलं असेल, तेव्हा."

ती उठली. सगळ्या गड्यांना तिने बोलावलं आणि ती कड त्यांच्यासमोर उचलून दाखवली. "हा जोड माझा आहे. काल दुपारी तुकडा न जोडता मी काम केलं. तुमच्यापैकी कुणी हे केलं असतं, तर काय झालं असतं?"

सगळ्यात जुना गडी म्हणाला, "भुवई वर गेली असती."

सगळे हसले, तीही हसली आणि गच्चीवरचा ताण उतरला.

पण जोड कच्चा राहिला कशाने, हे कळायला हवं होतं. तिने मशीन चालू करून तुकडे जोडायला घेतले. सकाळभर जाळी दिसत राहिली. दुपारी दोनला जोडलेला तुकडा सहज सुटला. खाली जाऊन विचारलं, तेव्हा उलगडा झाला. आदल्या दिवसापासून हॉस्पिटलची धुलाईची यंत्रं दुपारी दोनला चालू होऊ लागली होती, सगळी एकाच वेळी. वरच्या वायरीत वीज कमी पडायची आणि हवा तेवढी तापायची नाही.

ती तशीच साहेबांकडे गेली. मोठ्या सिस्टरही तिथेच होत्या. तिने एका दमात सगळं सांगितलं. "तुमची सही रद्द करा. मला विजेच्या मुख्य पेटीपासून वेगळी वायर द्या. त्या जोडावर हातभर रुंद नवी पट्टी मारते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खोली सोमवारी नाही, बुधवारी उघडेल. आणि त्याआधी गच्चीत दोन दिवस पाणी भरून ठेवायचं."

"पाणी? मुद्दाम?" साहेब ताडकन उठले.

"दोन इंच. एवढं स्लॅब पेलतो, मी बघितलंय."

सिस्टर तिच्याकडे रोखून बघत होत्या. "आम्हीसुद्धा टाके घालून झाले की जखम बघत बसतो," त्या म्हणाल्या. "तीन महिने थांबले, अजून दोन दिवस थांबेन. भरा पाणी."

पट्टी बसली. त्याच दुपारी वडील आले. जुनी गच्ची उखडली हे त्यांनी ऐकलं होतं. जिना चढताना चार वेळा थांबले, पण कुणाचा हात धरला नाही. वर येताच त्यांनी मुलीकडे आकडा मागितला. कंबर वाकत नव्हती म्हणून ते सरळ खाली बसले आणि बसल्या बसल्या सरकत चाळीस मीटर टोचत गेले. ताई मागून चालत होती. शेवटच्या टोकाला पोचल्यावर त्यांनी आकडा परत दिला.

"माझं डांबर किती वर्षं टिकलं?"

"तीस, बाबा. त्यातली पंचवीस बिनतक्रार."

"हं." त्यांनी पांढऱ्या शीटवर तळहात ठेवला. "चटका नाही बसत हिचा." एवढंच म्हणाले, पण त्यांचा हात बराच वेळ तिथून हलला नाही.

मग पाणी वाहून जायची तोंडं बुचं घालून बंद केली आणि गच्ची भरली. दोन दिवस ताई आणि सिस्टर दर दोन तासांनी रिकाम्या ऑपरेशनच्या खोलीत जाऊन छताकडे मान वर करून उभ्या राहत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सिस्टर टेबलावर चढल्या, छताला सुका कागदी रुमाल दाबून धरला, खाली उतरल्या आणि तो ताईच्या हातात दिला. कोरडा ठणठणीत.

बुधवारी खोली उघडली. त्या आठवड्यात तिथे अकरा ऑपरेशनं झाली.

दोन महिन्यांनी हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीचं काम निघालं. साहेबांनी या खेपेला भावाला नाही, ताईला फोन केला. "शीट कुठली घ्यायची ते तुम्हीच ठरवा."

"आधी गच्ची बघते. आणि वेगळी वायर तयार ठेवा."

त्या कामासाठी तिने ताडपत्रीच्या कारखान्यातल्या दोन बायका सोबत घेतल्या. पहिल्या सकाळी त्यांनी गुडघ्यांना पट्टे बांधले, तुकडा जोडला, थंड केला आणि दोन्हीकडून धरून सगळं बळ लावून ओढला. शीट टर्रकन फाटली.

"जाळी दिसते का?" ताईने विचारलं.

"दिसते!"

"मग बघताय काय? लागा कामाला."