मागचा पंख

पतंगाचा फोटो हातात आला की अक्का आधी त्यावर हलकेच फुंकर मारायच्या. मग मला विचारायच्या, “अण्णा, मागचा पंख कुठं आहे हो?”

बेंगळुरूच्या आमच्या शेतकी कचेरीत मी फोटोग्राफर होतो आणि अक्का फोटोवरून पतंगांची नावं सांगायच्या. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. फोटो काळेपांढरे, त्यामुळे सगळी भिस्त पंखांवरच्या नक्षीवर. तुम्हीही पाहिलं असेल, भिंतीवर बसलेला पतंग मागचे पंख पुढच्यांखाली झाकून घेतो. खरी ओळख बहुधा तिथंच असते.

एका लग्नात अक्का पंगतीतच, पंख उघडावा म्हणून, एका पतंगावर फुंकर मारायला गेल्या आणि पानाभोवतीची रांगोळी शेजारणीच्या कोशिंबिरीत उडाली. “सरी, असू दे, पण पंख दिसला,” म्हणाल्या.

एकदा तुतीच्या मळ्यातून मिटल्या पंखांचा फोटो आला. पुण्याहून आलेले आमचे साहेब म्हणाले, “ही कीडच आहे. औषध फवारा.”

अक्का म्हणाल्या, “सर, असे दिसणारे पतंग दोन आहेत. किडीच्या मागच्या पंखावर काळा पट्टा असतो. स्वल्प थांबा, खरा पतंग मागवू.”

साहेब कुठले थांबतात? त्यांनी शाईने फोटोखाली किडीचं नाव लिहिलं. फवारणी झाली. तोच पाला रेशमाच्या अळ्यांना घातला गेला आणि कोष विणायला आलेल्या अळ्या परड्यांतच मेल्या. गावाचं पीक बुडालं.

मागाहून पतंग आला. अक्कांनी टाचणीने पंख पसरला. पट्टा नव्हता. “हा बांधावरच्या गवतावरचा. तुतीला तोंडही लावत नाही,” एवढंच बोलल्या.

चौकशीत साहेब म्हणाले, “ओळख पटवणं बाईंचं काम. त्यांनी वेळेत नाव दिलं नाही, म्हणून मला द्यावं लागलं.” चोर तो चोर, वर शिरजोर. साहेबांना बढती मिळाली आणि अक्कांची बदली दूरच्या बियाण्यांच्या गोदामावर झाली. वयाबरोबर राग निवतो म्हणतात. माझा नाही निवला, आणि निवू नये.

त्या निघाल्या तेव्हा मी चिडून म्हटलं, “अक्का, काहीतरी नाव लिहून मोकळं व्हायचं.”

“दिसलं नाही ते कसं लिहू, अण्णा?”

त्या गोदामावरूनच निवृत्त झाल्या आणि तिकडेच वारल्या. तो फोटो मी डार्करूमच्या भिंतीवर टाचून ठेवला होता. माझ्या निवृत्तीच्या दिवशी काढला आणि नकळत त्यावर फुंकर मारली. धूळ उडाली. खाली साहेबांच्या अक्षरातलं ते चुकीचं नाव अजून स्वच्छ वाचता येत होतं.